न्हाणाचा हंडा, दाखल क्रमांक ४१२

माझं बूड एका जागी टिकत नाही असं आई म्हणायची, तेव्हा मला राग यायचा. आता पन्नाशी उलटल्यावर तिचं म्हणणं पटतं. घरात मी चहा उभ्याने पिते. टीव्हीवरची मालिका स्वयंपाकघराच्या दारातून बघते. आणि नोकरी मात्र अशी मिळाली, की जिथे कुठलीही वस्तू जागची हलता कामा नये.

घोडबंदर रस्त्याला, चेणे गाव यायच्या थोडं अलीकडे आमच्या विद्यापीठाचं आवार आहे. त्यात तळमजल्यावर एक कला-संग्रहालय आहे, हे विद्यापीठातल्याही पुष्कळांना ठाऊक नसतं. जुनी तैलचित्रं, जलरंगातले देखावे, थोडी ब्राँझची शिल्पं आणि एक खोलीभर छापचित्रं. त्या सगळ्याची नोंद ठेवणं हे माझं काम. कुठलं चित्र कुठल्या कपाटात आहे, कुठल्या मूर्तीच्या बोटाला चीर गेलीय, कुठल्या चौकटीत कसर शिरलीय, हे मला विचारा. संग्रहालय बघायला कोण येतं, ते मात्र विचारू नका. मे महिन्यात एसीसाठी काही जण येतात. रस्त्यावर मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून धुळीने वैतागलेले लोक पाणी प्यायला येतात आणि आलोच आहोत तर म्हणून एखादं चित्र बघून जातात.

मग नवे संचालक आले. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलायला गोड, चालायला भरभर. आल्या आल्या त्यांना कळलं की आमचं मोठं दालन विद्यापीठाला परीक्षांसाठी हवंय. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, आसपासचे लोक इथे यायला हवेत. कम्युनिटीशी कनेक्ट दिसला पाहिजे. नाहीतर दालन गेलं समजा."

"लोक येत नाहीत, कारण त्यांचं इथे काही नाहीये," मी म्हटलं. हे मी रागाने म्हटलं होतं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "मग काय आणू या त्यांचं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "भांडी."

आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात. बारशाला, लग्नाला, वास्तुशांतीला दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव, घरच्या भांड्यावर घरच्या माणसाचं. पूर्वी छिन्नीने ठिपका ठिपका ठोकून घालायचे, आता दुकानदार छोटंसं मशीन टर्रकन फिरवतो आणि शुद्धलेखनाची वाट लावतो. नाव असलं की भांडं कुणाच्या कार्याला गेलं तरी वाट चुकत नाही, आपल्या फळीवर परत येतं. शेजारच्या मीरा रोडला तर दहा गावांहून आलेली माणसं. कुणाच्या डब्यावर कुठलं गाव, कुठली लिपी, कुणाची आत्या. लोक आपापलं एक भांडं देतील, आम्ही ते मांडू. संचालकांना कल्पना इतकी आवडली की ते लगेच फोनवर कुणाला तरी ती स्वतःची म्हणून सांगायला लागले.

मला ती का सुचली, ते मी त्यांना सांगितलं नाही. आम्ही गिरगावातली खोली विकून मीरा रोडच्या शांती नगरात आलो तेव्हा सामान बांधायचं काम माझ्याकडे होतं. आई चार दिवस मावशीकडे गेली होती. फळीवर आईची तांब्या-पितळेची भांडी होती, तिच्या लग्नातली, एकूण एकावर तिचं माहेरचं किंवा सासरचं नाव. नव्या फ्लॅटमध्ये फळीच नव्हती. ती येईपर्यंत थांबायचं, विचारायचं, हे मला जमलं नाही. मला सगळं त्याच दिवशी आटपायचं होतं. मी दुपारी भांडीवाल्याला बोलावलं आणि सगळी मोडीत घातली. आई आली, रिकाम्या फळीकडे बघितलं आणि काही बोलली नाही. नंतर कितीतरी वर्षं, कुणाचं केळवण असलं की मध्येच विचारायची, "ती मोठी परात कुठाय गं?" आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणायची, "हां, हां."

आई गेल्यालाही आता खूप दिवस झाले. पण तेव्हापासून कुणाच्या घरी पितळेचं भांडं दिसलं की मी ते हळूच तिरपं करून नाव बघते. मोडीतलं भांडं वितळवतात, हे मला कळतं. तरी बघते.

पहिलं भांडं चेण्याहून आलं. आमच्या रखवालदाराने ओळख काढून दिली होती. घर जुन्या शेतकऱ्यांचं. आता शेताच्या जागी लग्नाचं लॉन आणि दोन गाळे आहेत, मुलगा टेम्पो चालवतो. घरातल्या म्हाताऱ्या बाईंचं माहेर मिठागरावरचं. सगळं गाव त्यांना मावशी म्हणत होतं, मीही म्हणायला लागले. त्यांनी माळ्यावरून तांब्याचा हंडा काढवला. दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावेल एवढा, गळ्याखाली सासूचं नाव ठिपक्यांनी ठोकलेलं, आणि असा लखलखीत की त्यात मला माझं नाक दिसत होतं.

"ने," मावशी म्हणाल्या. "पन नातीचे लग्नाला मना परत पायजे. आमचे घरचे पोरींचा न्हान या हंड्याचेच पान्यान व्हतं. माजे नणंदांचा जाला, माजे पोरींचा जाला."

"कधी आहे लग्न?"

"आजून ठरला न्हाय. ठरला का सांगीन."

"मावशी, वर्षाच्या आत मी स्वतः आणून देते," मी म्हटलं. असा शब्द द्यायला मला सेकंदसुद्धा लागला नाही.

आता माझी चूक सांगते. भांडी उसनी घ्यायची होती, पण उसनं घेण्याचे फॉर्म अजून छापून यायचे होते, कारण आमच्या संग्रहालयाने आजवर कुणाकडून काही उसनं घेतलंच नव्हतं. आठवडाभर थांबायला हवं होतं. पण वस्तू दारात आली आणि तिची नोंद झाली नाही, तर मला जेवण जात नाही. मी त्याच संध्याकाळी मोठं रजिस्टर काढलं. हे कायमचं रजिस्टर, लाल कापडी पुठ्ठ्याचं. त्यात क्रमांक चारशे बारा टाकला, वर्णन लिहिलं, मावशींच्या मुलाकडून सही घेतलेली पावती चिकटवली. मग हंडा पालथा घातला, बुडाशी पारदर्शक लॅकरचा एक पट्टा ओढला, तो सुकल्यावर काळ्या शाईने बारीक अक्षरात क्रमांक लिहिला आणि वर लॅकरचा दुसरा हात दिला. अशी नोंद केलेली वस्तू उसनी नसते. माझे पहिले साहेब मला शिकवून गेले होते, "रजिस्टरात खाडाखोड नाही. शाई वाळली की वस्तू विद्यापीठाची." ते मी तीस वर्षं नव्या लोकांना ऐकवत आले होते.

आठवड्याने फॉर्म आले. बाकीची भांडी त्या फॉर्मवर आली, प्रत्येकाच्या कानाला सुतळीने नुसती चिठ्ठी. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हंड्याचं मी काय करून बसलेय.  पण मावशींच्या नातीचं लग्न तर ठरलेलंही नव्हतं. बघू पुढे, असं म्हणून मी रजिस्टर कपाटात ठेवलं. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायला कुणाला आवडतं.

प्रदर्शन लागलं आणि लोक यायला लागले. कला बघायला नाही हो, आपलं भांडं नीट आहे ना ते बघायला. पूनम सागर वसाहतीतून एक गुजराती बाई दर गुरुवारी यायच्या, सोबत भिशीच्या मैत्रिणी. त्यांच्या आजीचा पितळी डबा आम्ही काचेच्या पेटीत ठेवला होता.

"मेरा डब्बा कोने में क्यों रखा है? उधर वाली का लोटा तो बीच में है."

"कोने में लाइट अच्छी है," मी सांगायचे.

"ढक्कन थोड़ा टेढ़ा है. खोलो, मैं ठीक करती हूँ."

पेटी उघडता येत नाही हे मी त्यांना पाच गुरुवार समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. सहाव्या गुरुवारी मी किल्ली आणून पेटी उघडली, त्यांनी झाकण फिरवून बसवलं आणि खरोखरच ते आधी वाकडं होतं. बायका एकमेकींच्या भांड्यांवरची नावं वाचायच्या, गावं विचारायच्या, कुणाचं माहेर कुणाच्या सासरच्या तालुक्यात निघायचं. मग शेजारच्या खोलीतली जलरंगातली चित्रंही बघून व्हायची. एका देखाव्यातल्या मिठागराच्या बांधापाशी उभ्या राहून भाईंदरच्या दोघी बहिणी भांडल्या होत्या, हा आपलाच बांध की पलीकडच्यांचा म्हणून. ते चित्र मी बावीस वर्षं सांभाळत होते, आणि बांध कुणाचा असतो हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. संचालक खूश होते. परीक्षेचा विषय कुणी काढेना.

मी मात्र दालनात येरझाऱ्या घालायचे. येता-जाता हंड्यापाशी थांबायचे आणि पुढे निघायचे.

मावशी पहिल्यांदा आल्या त्या लेकाच्या टेम्पोतून. दालनाच्या दारात चपला काढल्या, हंड्यापर्यंत गेल्या आणि बघतच राहिल्या. सहा महिन्यांत तांबं काळवंडलं होतं. आम्ही संग्रहातली भांडी घासत नाही. घासलं की वरचा थर झिजतो, नाव पुसट होतं, असं शास्त्र आहे.

"आमचा हंडा काला परलाय," त्या म्हणाल्या. "चिच न्हाय तुमचेकडं?"

मी शास्त्र सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माजे सासूचा नाव मी साठ वर्सं घासतेय. कवा पुसला न्हाय." मग त्यांनी बाकीच्या भांड्यांवरून नजर फिरवली. "यातला तुजा कंचा?"

"माझं घरी आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग पदराच्या टोकाला बांधलेलं काहीतरी सोडलं. लग्नपत्रिका होती, घडी घालून घालून मऊ झालेली. पुढच्या महिन्यात थोरल्या नातीचं लग्न. हळद आदल्या दिवशी, लग्नाच्या सकाळी न्हाण.

"आदले दिसाला आन, न्हायतर सकाळी. कशी पन आन," म्हणाल्या.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी फ्लॅटच्या बाल्कनीपासून दारापर्यंत किती खेपा घातल्या, ते खालच्या मजल्यावरच्यांना विचारा. सकाळी संचालकांना सगळं सांगितलं. माझ्या नोकरीत मी कुणापुढे मान खाली घालून उभी राहिले असेन तर ती तेव्हाच. त्यांनी डोक्याला हात लावला.

"कायमच्या रजिस्टरात? मॅडम, तुम्ही?"

"मी."

"काढून टाकायची वस्तू समितीपुढे न्यावी लागते. समिती वर्षातून दोनदा बसते. आणि काढतात कधी, तर वस्तू फुटली, कीड लागली, तर. ऑडिट आहे. मी काय उत्तर देऊ?" मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "एक करू या ना. आपण त्यांना नवा हंडा घेऊन देऊ. सेम टू सेम. त्यावर नाव पण घालून देऊ."

माझा इतका संताप झाला की मी खोलीतून बाहेरच पडले. संताप त्यांच्यावर नव्हता. गिरगावातल्या त्या दुपारी भांडीवाल्याने मोडीच्या बदल्यात मला स्टीलचे नवे डबे दाखवले होते, आणि मी ते घेतले होते. आईला काय म्हणाले होते? "बघ, नवीन आहेत, सगळे एकसारखे."

माझ्या टेबलाच्या खणात ॲसिटोनची बाटली असते. कापसाच्या बोळ्याने एकदा पुसलं की लॅकर आणि त्यातला क्रमांक दोन्ही निघून येतात, वस्तूला काही होत नाही. दालन बंद झाल्यावर मी हंडा पालथा घातला, बोळा भिजवला, हातात धरून उभी राहिले. क्रमांक गेला असता. पण लाल रजिस्टरात चारशे बारासमोर हंडा राहिला असता, आणि दालनात हंडा नसता. मग चोरी झाली म्हणून चौकशी पहिल्यांदा रखवालदाराची झाली असती, ज्याने ओळख काढून दिली त्याची. बोळा सुकून गेला. मी तो टाकला आणि नियमांची फाईल घेऊन बसले. म्हणजे उभ्यानेच वाचत होते.

आमच्या संग्रहातली वस्तू बाहेर उसनी देता येते. मोठी संग्रहालयं आमची चित्रं कधीमधी मागतात. आणि तीन दिवसांपर्यंत द्यायची असेल तर समिती लागत नाही, संचालकांची सही पुरते. मी फॉर्म भरला. उसनी घेणारी संस्था या रकान्यात मावशींच्या घराचा पत्ता लिहिला. प्रयोजन: न्हाण. ठिकाण: चेणे. वस्तूसोबत जाणारी व्यक्ती म्हणून माझं नाव, कारण मौल्यवान वस्तूबरोबर माणसाला जावं लागतं. खाली अटी छापलेल्याच होत्या. वस्तू उघड्या हाताने हाताळू नये. पाणी, धूर, खाद्यपदार्थ यांपासून दूर ठेवावी.

संचालकांनी तो कागद दोनदा वाचला. "घर ही संस्था होते का हो?"

"चार पिढ्या त्यांनी हे एक भांडं सांभाळलंय, सर. आपण सहा महिन्यांत काळं केलं."

त्यांनी पेनचं टोपण काढलं. मग सही केली आणि म्हणाले, "अटी मात्र पाळा."

समिती टळली होती, पण विद्यापीठाच्या गाडीला आदल्या दिवशी वेळ नव्हता, म्हणून हंडा लग्नाच्या सकाळी निघाला. आवारापासून चेण्यापर्यंत पायी गेलं तर अर्धा तास. गाडी वीस मिनिटांत दोन वीजखांब पुढे सरकली. पुढे मेट्रोच्या कामाचा क्रेन आडवा उभा होता, मागे पुढे ट्रक. मावशींच्या मुलाचा फोन आला, "मॅडम, पोरगी पाटावर बसलीय. बायका थांबल्यान." मी म्हटलं, आलेच. पाच मिनिटांनी परत फोन. आलेच. तिसऱ्यांदा फोन वाजायला लागला तेव्हा मी दार उघडून खाली उतरले.

हंडा कमरेवर घेतला आणि चालायला लागले. नियमाप्रमाणे हातात पांढरे सुती हातमोजे होते, ते काढायचंही सुचलं नाही. घोडबंदरच्या त्या धुळीत, ट्रकांच्या रांगेशेजारून एक बाई हातमोजे घालून तांब्याचा हंडा घेऊन पळतेय, हे दृश्य लोकांना सकाळी सकाळी फुकट मिळालं. एका ट्रकवाल्याने मान बाहेर काढून काळजीने विचारलं, "मैडम, पानी नहीं आया क्या?" मी हो म्हटलं. थांबून समजावायला वेळ कुणाला होता.

मांडवात पोचले तेव्हा माझा श्वास लागला होता आणि साडीला काळपट डाग पडले होते. नवरी अंगणात पाटावर बसली होती, हळदीने पिवळीधमक, कंटाळलेली, हातात मोबाईल. मावशींनी हंडा माझ्या कमरेवरून उतरवून घेतला. चुलीवर पाणी केव्हाचं तापलेलं होतं. ते हंड्यात ओतलं, वर हळद, आंब्याची पानं. बायकांनी गाणं धरलं. सगळ्यांचे हात हळदीने माखलेले, तांब्या निसटत होता.

"तू वोत पानी," मावशी मला म्हणाल्या. "तुजे हात कोरडे हान."

"मावशी, मी फक्त हंड्याबरोबर आलेय."

"मंग? ती हातमोजी काढ आधी."

मी हातमोजे काढून कमरेला खोचले आणि अटींच्या फॉर्मवर जिचं नाव होतं त्या बाईनेच पाणी ओतायला सुरुवात केली. पहिला तांब्या पडला तेव्हा मुलीने मोबाईल बाजूला दिला आणि डोळे मिटले. पाचव्या तांब्याला ती रडायला लागली. का ते कुणी विचारलं नाही. मीही रडत होते, पण माझ्या तोंडावर धूळ आणि घाम एवढा होता की कुणाला कळलं नसेल. आईची परात आठवली म्हणून रडत होते. साधी गोष्ट आहे, ती सजवून सांगण्यात अर्थ नाही.

नवरी आत गेली. मावशी रिकामा हंडा घेऊन मोरीपाशी बसल्या आणि त्यांनी चिंचेचा गोळा आणि मिठाची वाटी ओढली. मला ओरडायला हवं होतं. मी त्यांच्या शेजारी बसले, चक्क जमिनीवर मांडी घालून.

"माझं भांडं घरी नाहीये, मावशी," मी म्हटलं. "माझ्या आईची सगळी भांडी मी मोडीत घातली. तिला न विचारता."

त्या घासत राहिल्या. तांबं गुलाबी होत होतं, सासूचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी वर येत होतं.

"आय काय बोल्ली?"

"काहीच नाही."

"मंग लय लागला आसंल तिला," मावशी म्हणाल्या. समजूत घालायची म्हणून त्या काही बोलल्या नाहीत, आणि मला ते बरं वाटलं. इतक्या वर्षांत हे वाक्य कुणीतरी म्हणायला हवं होतं.

त्यांनी हंडा पालथा घातला. बूड घासताना त्यांचा हात एका जागी वळसा घालून जात होता. सगळं बूड उजळलं, आणि मध्ये लॅकरचा करंगळीएवढा पट्टा काळ्या आकड्यांसकट तसाच राहिला. माझा क्रमांक. मावशींना वाचता येत नाही.

"तेवढंच का सोडलंत?"

"तुमचा नाव हाय ना तो," त्या म्हणाल्या. "लोकांचा नाव घासून कारत न्हाय कोनी."

 मग मी त्यांना सगळं खरं सांगितलं. की हंडा आता विद्यापीठाचा झालाय, माझ्या घाईमुळे, आणि संध्याकाळी मला तो परत न्यावा लागेल. मला वाटलं, आता या चिंचेच्या हाताने माझ्या तोंडात देतील. त्यांनी हंड्यावर पाणी ओतलं, पदराने कोरडा केला, आणि मांडीवर घेतला.

"इचारून न्यायाचा व्हता," त्या म्हणाल्या. "तू लय घाई करतंस." मग आतल्या दाराकडे बघितलं. "हिचे घरी गिझर हाय, तिला ठेवाला जागा न्हाय. पन धाकटी हाय आजून. शालंत जाते. तिचे न्हानाला पायजे."

"मी आणीन."

"तवा मी न्हाय रायलू तर?"

"तरी आणीन." आणि मग मला माझं वय आठवलं. "मावशी, धाकटीच्या लग्नापर्यंत मीसुद्धा नोकरीत नसेन."

"मंग लिवून ठेव," त्या म्हणाल्या. "तुमचेकडं लिवलेला कोनी पुसत न्हाय ना?"

संध्याकाळी हंडा जागेवर ठेवला. परत आलेल्या वस्तूची स्थिती लिहावी लागते. जाताना: काळवंडलेला, गळ्याशी एक पोचा. येताना: लख्ख, पोचा तोच, आत तळाशी हळदीचा पिवळा डाग, काढू नये. मग मी लाल रजिस्टर उघडलं. चारशे बाराच्या ओळीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो, तो मी रिकामा सोडला होता. आजवर त्या रकान्यात आम्ही तडे आणि डाग एवढंच लिहीत आलोय. मी खुर्ची ओढली, बसले, आणि बारीक अक्षरात लिहिलं: चेण्याच्या ज्या घरच्या बाईचं नाव या हंड्यावर आहे, त्या घरच्या मुलीच्या न्हाणाला हा द्यावा. दर वेळी द्यावा. सोबत एका माणसाने जावं, आणि त्याने पाणी ओतावं. खाली सही केली. लिहून होईपर्यंत मी एकदाही उठले नाही.

दुसऱ्या दिवशी संचालक रजिस्टर चाळत होते. चारशे बारापाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी वाचलं, चष्मा वर केला, परत वाचलं.

"मॅडम, हे असं कसं लिहिलंत? कुणाला विचारलंत? हे खोडायला लागेल."

मी वाकून त्या ओळीवरून अंगठा फिरवला आणि त्यांना दाखवला. कोरा होता.

"शाई वाळलीय, सर," मी म्हटलं.